विंडोजवरून मॅकवर आलात? आधी विंडो आवरायला शिका

नव्या नोकरीत ऑफिसने हातात मॅकबुक ठेवलं, किंवा मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेला मॅक आता सगळं घर वापरू लागलं. दहा-पंधरा वर्षं विंडोजवर हात बसलेल्या माणसाला मेल, इंटरनेट, टायपिंग यांत फारसं काही अडत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आत्ता समोर असलेली फाइल गेली कुठे? फुली मारून बंद केलेलं ॲप अजून चालू कसं? ऑल्ट-टॅबसारखं काहीतरी दाबलं तर हवी ती एक फाइल न येता तीन फाइल एकदम पुढे का आल्या? काम येत असतं, पण ते काम ठेवायची जागा सापडत नाही आणि आठवड्याभरात माणूस वैतागतो.

हा लेख अशा माणसासाठी आहे. शॉर्टकटांच्या लांबलचक याद्या इंटरनेटवर भरपूर मिळतात. त्या पाठ करून फारसा उपयोग होत नाही, कारण मुळातला फरक कळलेला नसतो. तो फरक आधी समजून घ्या, मग बाकीच्या पायऱ्या सोप्या जातात.

पायरी पहिली: ॲप वेगळं, विंडो वेगळी

विंडोजमध्ये सगळा व्यवहार विंडोचा असतो. वर्डच्या तीन फाइल उघडल्या की तीन विंडो, प्रत्येकीला स्वतःचा मेन्यू, प्रत्येकीची टास्कबारवर नोंद. शेवटची विंडो बंद केली की बहुतेक वेळा तो प्रोग्रामही बंद. १९९५ साली विंडोज ९५ बरोबर टास्कबार आला तेव्हा त्यावर दर विंडोमागे एक बटण दिसायचं. पुढे एकाच प्रोग्रामच्या विंडो एका बटणाखाली एकत्र यायला लागल्या, तरी आपल्या डोक्यातला हिशेब तोच राहिला: एक विंडो म्हणजे एक काम.

मॅकचा हिशेब ॲपचा आहे. १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशपासून मेन्यूची पट्टी स्क्रीनच्या वरच्या कडेला, एकच. ती पट्टी विंडोची नसून त्या वेळी पुढे असलेल्या ॲपची असते. म्हणून एकही विंडो उघडी नसताना ॲप चालू असू शकतं. दुकानातला एक काउंटर बंद केला म्हणून दुकानाचं शटर पडत नाही, तसंच हे. विंडो म्हणजे काउंटर, ॲप म्हणजे दुकान.

हे स्वतः करून पाहा. सफारी (मॅकचा स्वतःचा ब्राउझर) उघडा, तिच्या विंडोच्या डाव्या कोपऱ्यातला लाल गोल दाबा. विंडो गेली. आता स्क्रीनच्या वर डावीकडे बघा: सफरचंदाच्या चिन्हाशेजारी अजून ‘सफारी’ असंच लिहिलेलं आहे. खाली डॉकमध्ये, म्हणजे ॲप्सच्या चिन्हांच्या पट्टीत, तिच्या चिन्हाखाली बारीक ठिपका आहे. तो ठिपका म्हणजे ॲप चालू असल्याची खूण. ते खरोखर बंद करायचं तर कमांड + क्यू दाबा.

यातून लगेच प्रश्न येतो, की मग मागे अशी चालू राहिलेली ॲप्स मशीन हळू करणार नाहीत का? बहुतेकदा नाही. २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून मॅक मेमरी दाबून साठवतो आणि मागे निवांत पडलेल्या ॲपचा वेगही आपोआप कमी करतो. नोट्स, कॅलेंडर, मेल अशी हलकी ॲप्स दिवसभर चालू राहिली तर काही बिघडत नाही. व्हिडिओ एडिटिंगसारखं जड ॲप मात्र काम झाल्यावर कमांड + क्यू करून बंद करावं. काही ॲप्स अपवाद आहेत: सिस्टिम सेटिंग्जची विंडो बंद केली की ते ॲपही बंद होतं.

पायरी दुसरी: तीन रंगांचे गोल

लाल गोल विंडो बंद करतो, हे झालं. कीबोर्डवरून तेच काम कमांड + डब्ल्यू करतं. टॅब असलेल्या ॲपमध्ये ते आधी एकेक टॅब बंद करतं.

इथे एक धोका आहे. क्यू आणि डब्ल्यू शेजारी-शेजारी. टॅब बंद करायला गेलेलं बोट क्यूवर पडलं की अख्खा ब्राउझर बंद. क्रोम वापरत असाल तर आजच वरच्या पट्टीतल्या ‘क्रोम’ या मेन्यूत जाऊन बंद करण्यापूर्वी इशारा देण्याचा पर्याय चालू करा. मग कमांड + क्यू दाबून धरल्याशिवाय क्रोम बंद होत नाही.

पिवळा गोल विंडोला खाली डॉकच्या उजव्या भागात, कचऱ्याच्या डब्याच्या बाजूला, छोट्या चित्राच्या रूपात पाठवतो. विंडोजच्या सवयीने आपण हा सगळ्यात जास्त दाबतो, आणि माझ्या मते नव्या माणसाचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. कारण पुढे येईलच.

हिरवा गोल म्हणजे विंडोजचं मॅक्सिमाइझ नव्हे. २०१४ च्या योसेमिटी आवृत्तीपासून तो विंडोला फुल स्क्रीन करतो: वरची पट्टी गायब, डॉक गायब, बाकीच्या विंडो गायब. ती विंडो आता वेगळ्या जागेत गेलेली असते. तिथून परत यायला माउस स्क्रीनच्या वरच्या कडेला न्या, पट्टी दिसेल, तिथला हिरवा गोल पुन्हा दाबा; किंवा कंट्रोल + कमांड + एफ. तुम्हाला विंडोजसारखं, पट्टी आणि डॉक जागेवर ठेवून स्क्रीनभर पसरलेलं हवं असेल तर ऑप्शन बटण दाबून धरा आणि मग हिरवा गोल दाबा. काही ॲप्समध्ये ती विंडो पूर्ण पसरण्याऐवजी मजकुराला पुरेल एवढीच मोठी होते. त्यावरचा पक्का उपाय चौथ्या पायरीत आहे.

पायरी तिसरी: एका कामातून दुसऱ्या कामात

आधी बोटांची जागा. विंडोजमध्ये कंट्रोल करंगळीने दाबतो. मॅकवर ते काम कमांड करतं, आणि कमांड स्पेसबारच्या शेजारी असल्याने अंगठ्याने दाबायचं. कॉपी कमांड + सी, पेस्ट कमांड + व्ही. करंगळीची सवय दोन-तीन आठवड्यांत सुटते. तेवढे दिवस धीर धरा आणि कंट्रोल-कमांडची अदलाबदल करून घेऊ नका, नाहीतर दुसऱ्या कोणाच्याही मॅकवर बसलात की पुन्हा अडखळाल.

विंडोजचा बाहेरचा कीबोर्ड जोडला असेल तर विंडोज-चिन्हाचं बटण कमांडचं काम करतं आणि ऑल्ट हे ऑप्शनचं. म्हणजे मॅकच्या कीबोर्डाच्या तुलनेत दोघांच्या जागा उलट. ही एक अदलाबदल मात्र जरूर करा: सिस्टिम सेटिंग्ज, त्यात कीबोर्ड, मग कीबोर्ड शॉर्टकट्स, मग मॉडिफायर कीज. वरच्या यादीत तो बाहेरचा कीबोर्ड निवडून मगच बदल करा, म्हणजे लॅपटॉपचा कीबोर्ड जसाच्या तसा राहील.

आता मुख्य गोष्ट. विंडोजचं ऑल्ट + टॅब विंडो बदलतं. मॅकचं कमांड + टॅब ॲप बदलतं. एक्सेलच्या चार फाइल उघड्या असतील तर कमांड + टॅबमध्ये एक्सेल एकदाच दिसेल, आणि तिथे गेलात की चारही विंडो एकदम पुढे येतील. डॉकमधल्या चिन्हावर क्लिक केलं तरी तेच. उलट, विंडोवर थेट क्लिक केलं तर तेवढी एकच पुढे येते. हा बारकावा कळला की ‘नको ती फाइल समोर आली’ ही तक्रार बरीचशी मिटते.

एकाच ॲपच्या विंडोंमध्ये फिरण्यासाठी वेगळं बटण आहे: कमांडबरोबर १ या अंकाच्या डावीकडचं, तिरक्या खुणेचं (`) बटण. भारतात मिळणाऱ्या बहुतेक मॅकबुकवर ते एस्केपच्या खाली असतं. लंडनमध्ये घेतलेला मॅक असेल तर ते डाव्या शिफ्टच्या शेजारी सापडेल. जमतच नसेल तर कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये ‘मूव्ह फोकस टू नेक्स्ट विंडो’ शोधून दुसरं सोयीचं बटण लावता येतं.

म्हणजे मॅकवर दोन टप्पे: कमांड + टॅबने ॲपपर्यंत जायचं, मग तिरक्या खुणेच्या बटणाने त्या ॲपमधल्या विंडोपर्यंत. सुरुवातीला हे जास्तीचं काम वाटतं. पण ब्राउझरच्या पाच, वर्डच्या चार आणि एक्सेलच्या तीन विंडो उघड्या असताना बारा चौकटींतून एक शोधण्यापेक्षा हे लवकर होतं, हे थोड्या दिवसांनी तुमच्याच लक्षात येईल.

कमांड + टॅबची पट्टी दिसत असताना कमांड न सोडता आणखी काही गोष्टी करता येतात. क्यू दाबलं तर निवडलेलं ॲप बंद, एच दाबलं तर ते लपतं, वरचा किंवा खालचा बाण दाबला तर त्या ॲपच्या सगळ्या विंडो पसरून दिसतात. त्यातली हवी ती बाणांनी निवडून एंटर करा.

आता पिवळ्या गोलाचं. पिवळ्या गोलाने खाली पाठवलेली विंडो कमांड + टॅबने परत येत नाही. ॲप पुढे येतं, वरच्या पट्टीत नाव बदलतं, पण विंडो डॉकमध्येच पडून राहते. बघणाऱ्याला वाटतं फाइल गेली. तिला कमांड + टॅबनेच वर आणायचं असेल तर हव्या त्या ॲपवर पोचल्यावर ऑप्शन दाबून धरा आणि मग कमांड सोडा. चालतं, पण ही बोटांची कसरत रोज कोण करणार?

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: पिवळा गोल सोडा, कमांड + एच वापरा. एच म्हणजे हाइड. ॲपच्या सगळ्या विंडो एका क्षणात दिसेनाशा होतात आणि कमांड + टॅब केलं की होत्या तशाच, होत्या त्याच जागी परत येतात. याचाच भाऊ ऑप्शन + कमांड + एच: समोरचं ॲप सोडून बाकी सगळी ॲप्स लपवतो. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करण्याआधी हे दाबायची सवय लावून घ्या. मागे उघडे असलेले खासगी मेसेज आणि बँकेचं पान चारचौघांपुढे येत नाही.

पायरी चौथी: दोन विंडो शेजारी-शेजारी

विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, विंडो कडेला ओढली की ती अर्धी स्क्रीन व्यापते. याची इतकी सवय झालेली असते की मॅकवर ते न मिळाल्याने अनेक जण खट्टू व्हायचे. आता ती अडचण राहिलेली नाही. २०२४ साली आलेल्या सेक्वोया या आवृत्तीत, म्हणजे मॅकओएस १५ मध्ये, ही सोय मॅकमध्येच आली. तुमची आवृत्ती कोणती ते सफरचंदाच्या मेन्यूतल्या पहिल्याच ओळीत, ‘अबाउट धिस मॅक’मध्ये कळेल.

सेक्वोया किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर विंडो वरच्या पट्टीने धरून डाव्या किंवा उजव्या कडेपर्यंत ओढा. अर्ध्या स्क्रीनची फिकट चौकट दिसली की सोडा. कोपऱ्यात ओढली तर पाव स्क्रीन. वरच्या मेन्यूच्या पट्टीवर ओढली तर पूर्ण स्क्रीन, तीही पट्टी आणि डॉक जागेवर ठेवून. दुसऱ्या पायरीत ज्या मॅक्सिमाइझची गोष्ट निघाली होती ते हेच. कडेपर्यंत ओढायचा कंटाळा असेल तर ओढताना ऑप्शन दाबून धरा, चौकट लगेच दिसते.

कीबोर्डवरून करायचं तर ही बटणं लक्षात ठेवा:

- एफएन + कंट्रोल + डावा किंवा उजवा बाण: अर्धी स्क्रीन
- एफएन + कंट्रोल + वरचा किंवा खालचा बाण: वरची किंवा खालची अर्धी
- एफएन + कंट्रोल + एफ: पूर्ण स्क्रीन
- एफएन + कंट्रोल + सी: आहे त्या आकारात मधोमध
- एफएन + कंट्रोल + आर: आधीचा आकार आणि आधीची जागा

यातलं शेवटचं फार उपयोगी आहे. फोनवर बोलता-बोलता विंडो इकडे-तिकडे हलवून झाली की आरने ती मूळ जागी येते.

अशा रीतीने लावलेल्या विंडोंमध्ये मॅक थोडी मोकळी फट सोडतो. तेरा इंची स्क्रीनवर ती फट खटकते. सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘डेस्कटॉप अँड डॉक’मध्ये खाली विंडोज हा भाग आहे, तिथे ‘टाइल्ड विंडोज हॅव मार्जिन्स’ बंद करा. सगळ्याच विंडो अर्ध्या स्क्रीनच्या मापात बसत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. सिस्टिम सेटिंग्जची विंडो तर रुंदीला बदलतच नाही.

बाहेरच्या विंडोज-कीबोर्डावर मॅकला उमगेल असं एफएन बटण नसतं. त्यावर तोडगा असा: मॉडिफायर कीजमध्ये जाऊन कॅप्स लॉकला ग्लोबचं काम द्या. मॅकच्या कीबोर्डावर एफएन आणि ग्लोब हे एकच बटण आहे.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी इथे जरा सावध राहावं. ग्लोबचं बटण नुसतं दाबून सोडलं तर अनेक मॅकवर इंग्रजीतून मराठी आणि मराठीतून इंग्रजी असा कीबोर्ड बदलतो. विंडो सरकवायच्या नादात भाषा बदलत असेल तर कीबोर्ड सेटिंग्जमध्ये ग्लोबला ‘डू नथिंग’ लावा आणि भाषेसाठी कंट्रोल + स्पेस वापरा. त्याच सेटिंग्जमध्ये, इनपुट सोर्सेसच्या ‘एडिट’खाली, प्रत्येक फाइलची भाषा आपोआप लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे. एका विंडोत इंग्रजी अहवाल आणि शेजारी त्याचा मराठी मजकूर, असं काम असेल तर हा चालू करा. विंडो बदलली की भाषाही आपोआप बदलते, आणि अर्धं वाक्य रोमन लिपीत उमटल्यावर पुसत बसावं लागत नाही.

मॅक जुना असून सेक्वोया चढत नसेल तर हिरवा गोल दाबून धरा. २०१५ च्या एल कॅपिटनपासून तिथे दोन विंडो शेजारी लावायची सोय आहे. फक्त त्या दोन्ही मिळून फुल स्क्रीन होतात, मधली रेघ सरकवून दोघींची रुंदी बदलता येते.

पायरी पाचवी: वरून एक नजर

काही सापडेनासं झालं तर घाबरू नका. कंट्रोल + वरचा बाण दाबा, किंवा ट्रॅकपॅडवर तीन बोटं वर सरकवा. याला मिशन कंट्रोल म्हणतात. सगळ्या उघड्या विंडो लहान होऊन पसरतात, हवी तिच्यावर क्लिक करा. पिवळ्या गोलाने खाली पाठवलेल्या विंडो मात्र इथे दिसत नाहीत. त्या पाहायला कंट्रोल + खालचा बाण दाबा: समोरच्या ॲपच्या सगळ्या विंडो दिसतात आणि खाली पाठवलेल्या तळाशी ओळीने मांडलेल्या असतात.

मिशन कंट्रोलच्या वरच्या पट्टीत ‘डेस्कटॉप १’ असं काहीतरी दिसेल, आणि उजव्या टोकाला अधिकचं चिन्ह. ते दाबलं की नवा, रिकामा डेस्कटॉप तयार होतो. याला स्पेस म्हणतात. असे सोळापर्यंत करता येतात, पण तीनच्या पुढे गेलात तर लक्षात राहत नाहीत असा माझा अनुभव आहे. एकावर ऑफिसचं काम, दुसऱ्यावर मेल आणि चॅट, एवढी वाटणी पुरते. एकातून दुसऱ्यात जायला कंट्रोल + डावा-उजवा बाण. फुल स्क्रीन केलेली विंडो यांच्याच रांगेत जाऊन बसते, त्यामुळे ‘हरवलेली’ फुल स्क्रीन विंडोही याच बाणांनी सापडते.

इथे विंडोजच्या जुन्या लोकांना एक फटका हमखास बसतो. विंडोजमध्ये टाइप करताना शब्दाशब्दाने पुढे-मागे जायला आपण कंट्रोल + बाण दाबतो. मॅकवर तेच दाबलं की अख्खी स्क्रीन सरकून दुसऱ्या डेस्कटॉपवर जाते. शब्दाशब्दाने जायला मॅकवर ऑप्शन + बाण आहे, ओळीच्या टोकाला जायला कमांड + बाण. हे एवढं एक कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंत तरी चालेल.

एखादं ॲप कायम एकाच डेस्कटॉपवर उघडावं असं वाटत असेल तर डॉकमधल्या चिन्हावर राइट क्लिक, मग ‘ऑप्शन्स’, आणि तिथे हा डेस्कटॉप निवडा. एकच डेस्कटॉप असेल तर हा पर्याय दिसत नाही. कॅलेंडर किंवा गाण्यांचं ॲप सगळ्या डेस्कटॉपवर दिसावं अशीही सोय तिथेच आहे.

पायरी सहावी: पहिल्याच दिवशी बदलावीत अशी सेटिंग्ज

सगळं ‘डेस्कटॉप अँड डॉक’मध्येच आहे, दहा मिनिटांचं काम.

‘ऑटोमॅटिकली रीअरेंज स्पेसेस’ ने सुरू होणारा पर्याय बंद करा. तो चालू असला की तुम्ही ज्या क्रमाने डेस्कटॉप वापरता त्याप्रमाणे मॅक त्यांची जागा बदलत राहतो. मेल कालपर्यंत उजवीकडे होता आणि आज डावीकडे गेला, असं झालं की हाताला सवयच लागत नाही. या सगळ्या लेखातला एकच बदल करणार असाल तर हा करा.

‘क्लिक वॉलपेपर टू रिव्हील डेस्कटॉप’ हा २०२३ च्या सोनोमापासून आहे. डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर चुकून क्लिक झालं की सगळ्या विंडो कडेला पळतात, तो याच्यामुळे. त्याला ‘ओन्ली इन स्टेज मॅनेजर’वर ठेवा (स्टेज मॅनेजर म्हणजे काय ते थोडं पुढे येतं). पुन्हा तिथेच क्लिक केलं की विंडो परत येतात, हेही लक्षात असू द्या. मुद्दाम डेस्कटॉप पाहायचा असेल तर एफएन + एफ११ आहेच.

‘ग्रुप विंडोज बाय ॲप्लिकेशन’ चालू करा. मिशन कंट्रोलमध्ये एकेका ॲपच्या विंडो गठ्ठ्याने दिसतात.

‘मिनिमाइझ विंडोज इनटू ॲप्लिकेशन आयकॉन’ हे तुमच्या आवडीवर. पिवळा गोल सुटतच नसेल तर बंदच ठेवा, निदान डॉकमध्ये विंडोचं चित्र तरी दिसेल. चालू केलंत तर ती विंडो ॲपच्या चिन्हातच शिरते आणि राइट क्लिक करून यादीतून शोधावी लागते.

फाइंडरच्या (फाइल-फोल्डर पाहायच्या ॲपच्या) दहा-दहा विंडो साचण्याची तक्रारही बरेच जण करतात. वरच्या पट्टीतल्या ‘विंडो’ मेन्यूत ‘मर्ज ऑल विंडोज’ आहे. सगळ्या विंडो एकीत टॅब होऊन बसतात. मॅकच्या स्वतःच्या बऱ्याच ॲप्समध्ये हे चालतं.

स्टेज मॅनेजर नावाचा आणखी एक प्रकार २०२२ च्या व्हेंच्युरापासून आहे: चालू काम मधोमध, बाकीचं डाव्या कडेला लहान करून. काहींना तो फार आवडतो. नव्या माणसाने पहिल्या महिन्यात त्याच्या वाटेला जाऊ नये, एवढंच म्हणेन. एका वेळी एकच सवय बदलावी.

पायरी सातवी: बाहेरची मदत कधी घ्यावी

दोन ॲप्सची नावं तुमच्या कानावर येतीलच. रेक्टँगल मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, आणि कंट्रोल + ऑप्शनबरोबर बाण किंवा ठरावीक अक्षरं दाबून विंडो अर्ध्या, पाव, एक तृतीयांश करतं. जुन्या मॅकवर ते फार उपयोगी आहे, आणि रुंद मॉनिटरवर तीन समान भाग हवे असतील तर सेक्वोयावरही ते कामाचं आहे. दुसरं ऑल्टटॅब, तेही मुक्त स्रोत. विंडोजसारखी प्रत्येक विंडो वेगळी दाखवतं.

रेक्टँगल बेलाशक घ्या. ऑल्टटॅब मात्र महिनाभर थांबून घ्या असं मला मनापासून वाटतं. ते पहिल्या दिवशी बसवलं तर ॲप आणि विंडो यांतला फरक हाताला कधीच कळत नाही, आणि मग लाल गोल, डॉक, कमांड + एच हे सगळं शेवटपर्यंत परकं राहतं. महिनाभर मॅकच्या पद्धतीने काम करून पाहा. त्यानंतरही नाहीच जमलं तर खुशाल बसवा, त्यात कमीपणा काही नाही.

ही ॲप्स दुसऱ्या ॲप्सच्या विंडो हलवतात, म्हणून त्यांना ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते, ऑल्टटॅब विंडोंची चित्रं दाखवतं म्हणून स्क्रीन रेकॉर्डिंगचीही मागतं. ही मोठी परवानगी आहे. ॲप मूळ ठिकाणाहूनच उतरवा, आणि मॅक ऑफिसचा असेल तर आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय बसवू नका. अनेक कंपन्यांत ही परवानगी त्यांच्याच हातात असते.

दोन स्क्रीन असतील तर

बाहेरचा मॉनिटर जोडल्यावर दोन्ही स्क्रीनवर मेन्यूची पट्टी दिसते आणि प्रत्येकीचे डेस्कटॉप स्वतंत्र असतात. एका स्क्रीनवर डेस्कटॉप बदलला तरी दुसरी हलत नाही. बहुतेकांना हेच सोयीचं पडतं: लॅपटॉपवर मीटिंग, मोठ्या स्क्रीनवर फाइल. तोटा एवढाच की एक विंडो दोन्ही स्क्रीनवर ताणून पसरवता येत नाही. रुंद एक्सेल दोन मॉनिटरवर पसरवायची ज्यांना सवय आहे त्यांनी ‘डिस्प्लेज हॅव सेपरेट स्पेसेस’ बंद करावं, आणि लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करावं. त्याशिवाय बदल लागू होत नाही. मात्र मग मेन्यूची पट्टी एकाच स्क्रीनवर राहते, आणि एका स्क्रीनवर काही फुल स्क्रीन केलं की दुसरी काळी पडते.

डॉक चुकीच्या स्क्रीनवर असेल तर हव्या त्या स्क्रीनच्या तळाशी माउस न्या आणि तसाच आणखी खाली ढकला. डॉक तिकडे येतो. माउस एका स्क्रीनमधून दुसरीत भलत्याच बाजूने जात असेल तर सिस्टिम सेटिंग्जच्या ‘डिस्प्लेज’मध्ये ‘अरेंज’ दाबून, टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत तशाच त्यांच्या चौकटी ओढून लावा.